कडू शब्दांची परतफेरी

बापाने लेकीच्या कामाला ‘छान’ म्हटलं आणि लेकीने घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टरांना आधी तक्रारच कळेना.

“ताप आहे?”

“नाही.”

“चक्कर, उलटी?”

“नाही हो. छान म्हणाले.”

“मग बिघडलं कुठे?”

“माझ्या जन्मात पहिल्यांदा म्हणाले!”

ते घर दोन भाषांवर चालायचं. जर्मनमधले शब्द इंग्रजीत न्यायचे, इंग्रजीतले जर्मनमध्ये आणायचे, हा बापलेकीचा धंदा. भांडायला घरची भाषा होती, आणि तीच सगळ्यात जास्त झिजलेली. कामाची रीत बाबांनी घालून दिलेली. लेकीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून जर्मन शब्दाचा अर्थ इंग्रजीत उतरवायचा आणि चिठ्ठी बाहेरच्या खोलीत बाबांपुढे ठेवायची. मूळ शब्द बाबांनी पाहिलेला नसायचा. नुसत्या इंग्रजीवरून त्यांनी तो जर्मनमध्ये परत आणायचा. मग मूळ शब्दाशी ताडून पाहायचं. गेला तोच परत आला तर पास. मग बाबा टेबलावरची घंटी वाजवणार. घंटी एका बंद पडलेल्या लॉजच्या काउंटरवरची होती, तळहाताने दाबायची. शब्द दुसराच आला तर चूक पाठवणाऱ्याची. हा घरचा कायदा, आणि त्यावर अपील नव्हतं.

घंटी क्वचित वाजे. एरवी आवाज यायचा, “पंडिता, हे भाषांतर आहे की अपघात? कोणी दगावलं का?”

पंडिता हे लेकीचं टोपणनाव. शाळेत असताना तिने पहिली चूक केली, त्या दिवशी ठेवलेलं. पुढे खरं नाव फक्त बँकेला माहीत राहिलं.

बाबांची जीभ अशी, की शेजारी वाढदिवसाच्या शुभेच्छा दाराबाहेरूनच देऊन पळत. पंडिताने भाषांतरित केलेलं पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा बाबांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, पानांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “कागद चांगला वापरलाय.” ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. बाहेरून बाबा म्हणाले, “पाणी वाया जातंय.”

आता हातात होतं ते कोशाचं काम, आणि त्यातही नेमकं कडू शब्दांचं प्रकरण. तुच्छता, कुत्सितपणा, कोडगेपणा, माणसांवरचा अविश्वास. संपादकबाईंनी ते मुद्दाम या घराला दिलं होतं. “कच्चा माल तुमच्या घरचाच आहे,” म्हणाल्या होत्या. या प्रकरणाचा राजा म्हणजे जर्मन ‘त्स्यूनिश’. त्याचा इंग्रजी भाऊ ‘सिनिकल’.

“जुळे दिसतात, पण वाढलेत वेगवेगळ्या घरी,” बाबा शिकवायचे. “इंग्रजीतला बहुतेक वेळा कोणावर विश्वास ठेवत नाही, एवढंच. कोपऱ्यात बसून नाक मुरडतो. जर्मनमधला उठून जवळ येतो, जिथे दुखतंय तिथे बोट ठेवतो, आणि वर हसतो.”

पंडिताला उदाहरण विचारावं लागलं नव्हतं.

तर डॉक्टरांनी तपासलं, चित्रं काढायला लावली, घड्याळ काढायला लावलं. म्हणाले, “विसरण्याचा आजार आहे. वाढत जाईल. यात काही माणसं तापट होतात, काही निवळतात. तुमचे निवळलेत. नशीबवान आहात.”

नशीबवान लेक घरी पोचेपर्यंत बाबांनी टॅक्सीवाल्याचे आभार मानले, लिफ्टचे मानले, आणि फ्रिज उघडल्यावर आत दिवा लागला म्हणून फ्रिजचेही मानले.

तिने संपादकबाईंना काही कळवलं नाही. बाबांना तपासणाऱ्याच्या त्या खुर्चीतून उठवलं तर बाबा म्हणून मागे काय उरेल, याचा तिला अंदाज नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला आशा होती. एवढे कडू शब्द रोज समोर गेले तर एखादा तरी जिभेवर रेंगाळेल. एकदा तरी बाहेरच्या खोलीतून ‘अपघात’ ऐकू येईल.

पहिली चिठ्ठी गेली : माणसांना कस्पटासमान लेखणारा. परत आली : माणसांमुळे दमलेला. आणि वर घंटी.

कायद्याप्रमाणे चूक पाठवणाऱ्याची. पंडिताने इंग्रजी आणखी धारदार केलं. परत आला ‘लाजाळू’. घंटी. मग तिने असं काही लिहिलं, की लिहिताना दार लोटून घेतलं. परत आला ‘तोंडाळ, पण मनाने बरा’. घंटी.

कोडग्या माणसाला जर्मनमध्ये एक शब्द आहे, उकळत्या पाण्यातून काढलेला. त्याला आता कशाचाच चटका बसत नाही. पंडिताने ते सगळं नीट उलगडून लिहिलं. परत आला ‘भाजलेला’, आणि खाली बाबांच्या अक्षरात प्रश्न : आता बरा आहे ना?

ती इंग्रजीची धार वाढवत गेली, बाबा निवळत गेले. शेवटी पानं संपादकबाईंकडे पोचली तेव्हा त्यांचा फोन आला.

“अगं, हे काय पाठवलंयस? वाचून मी हात धुतले! कोश आहे की शिव्यांचं वऱ्हाड? आणि हे बाबांनी पास केलं?”

“हो.”

“तुझ्या बाबांनी? माझ्या लग्नाची पत्रिका चुका काढून परत पाठवली होती त्यांनी. खरं सांग, काय झालंय?”

पंडिताने सांगितलं. बाई म्हणाल्या, “मुख्य शब्द, तो ‘त्स्यूनिश’, अजून राहिलाय ना? तेवढा त्यांच्याकडून बरोबर येऊ दे, मी काही बोलणार नाही. नाही आला तर मला तपासायला दुसरा माणूस बसवावा लागेल. संध्याकाळी फोन करते.”

दुपारी पंडिता चिठ्ठी घेऊन बसली. तिच्याकडे या शब्दाच्या रीतसर व्याख्या चिक्कार होत्या. तिने त्यातली एकही घेतली नाही. तिने इंग्रजीत लिहिलं : जो मुलीचं पहिलं पुस्तक हातात घेऊन कागदाचं कौतुक करतो, ती रडत असताना ज्याला पाण्याची काळजी वाटते, आणि ज्याला यात मजा येते.

याहून अचूक तिला येत नव्हतं.

संध्याकाळ होता होता बाबांनी चिठ्ठी वाचली. हात घंटीकडे गेला, अर्ध्यावरून मागे आला. त्यांनी पेन्सिल उचलली, ठेवली. पंडिता दाराला टेकून उभी होती. म्हणा ना, अपघात म्हणा. कोणी दगावलं का विचारा.

“कोण गं हा माणूस?” बाबांनी विचारलं.

“होता एक.”

“फार एकटा असणार.” ते पुन्हा वाचू लागले. “आणि ती मुलगी? तिचं पुढे काय झालं?”

“बरी आहे. काम करते.”

“पुस्तक कसं होतं तिचं?”

“माहीत नाही, बाबा. कोणी सांगितलंच नाही.”

“छानच असणार,” बाबा म्हणाले.

या वाक्यासाठी ती नळ सोडून रडली होती. आता ते आलं, आणि ती इंग्रजीतल्या भावासारखी कोपऱ्यात उभी राहिली. विश्वासच बसेना. आज सकाळीही फ्रिजशी बाबा याच आवाजात बोलले होते.

बाबांनी चिठ्ठीवर जर्मन शब्द लिहून पुढे केला : एकाकी. मग तिच्या तोंडाकडे पाहत विचारलं, “चुकलं का, बाळ?”

चूक पाठवणाऱ्याची. अपील नव्हतं.

“नाही बाबा,” ती म्हणाली, आणि वाकून तिनेच घंटी दाबली.

बाबांचा चेहरा एवढा उजळला की तिला पाहवेना. तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजायला लागला.

“बघ,” बाबा म्हणाले, “त्यांनीही पास केलं.”

तिने जाऊन फोन उचलला. “बाई, दुसरा माणूस बसवा,” म्हणाली.

पलीकडून बाईंनी विचारलं, “आणि त्यांना काय सांगशील?”

पंडिताने दारातून पाहिलं. बाबा पेन्सिल सरळ ठेवून, घंटीवर तळहात तयार ठेवून वाट बघत बसले होते.

“काही नाही,” ती म्हणाली. “पुढची चिठ्ठी देईन.”