रेनानच्या भिंतीतल्या माश्या

दोन वर्षांपूर्वीच्या तापानंतर फिदेंसियाच्या, म्हणजे गाव जिला मानानं 'दोन्या' म्हणतं तिच्या, नाकाला वास येईनासा झाला. जेवण करपलं तरी तिला कळत नसे. एकटीचंच जेवण, त्यामुळे कुणी बोललंही नाही. हे आमच्या गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

परसात ताडाच्या पानांच्या छपराखाली तिचे नऊ पोकळ ओंडके होते. त्यांत नांगी नसलेल्या मधमाश्या राहत. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याशीच बोलायची.

त्या सकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा गाउदेंसियो सायकलवर मक्याचं दळण घेऊन तिच्या कुंपणाजवळून चालला होता. सायकल थांबवून तो ओरडला, "काय दोन्या, गावजेवण आहे का? किती लिंबं पिळताय! रस्त्यापर्यंत वास येतोय."

घरात एकही लिंबू नव्हतं. ती ओंडक्यांकडे धावली.

"गाउदेंसियो, आत ये. लवकर!"

तिसऱ्या आणि चौथ्या ओंडक्याच्या तोंडाशी काळ्या, चकचकीत माश्यांची रीघ लागली होती. लुटारू माश्या. त्यांच्या डोक्यातून तो लिंबाचा वास सुटतो. त्या वासावर त्यांच्या जातीच्या धावून येतात आणि घरच्या माश्या भांबावून आतल्या कोपऱ्यात दडतात. दारावर पहाराही उरत नाही.

"कालपासून चाललं असणार हे," गाउदेंसियो म्हणाला. "तुम्हाला वास नाही आला?"

"मला कसलाच येत नाही रे."

मग दोघांनी ओल्या मातीनं उरलेल्या सात ओंडक्यांची तोंडं बुजवली. ते दोन मात्र हातचे गेले होते. आत मध नव्हता, पिल्लांचं खाणंही नव्हतं.

काळ्या माश्या कुठे जातात ते बघत गाउदेंसियो मागच्या बाजूला गेला. तिथं फिदेंसियाच्या मुलानं, रेनाननं, दूर समुद्रकाठच्या कान्कून शहरात हॉटेलातल्या कमाईवर बांधलेलं सिमेंटचं घर होतं. सहा वर्षं कुलूपबंद. भिंतीतल्या एका भोकातून मेणाची नळी बाहेर आली होती आणि माश्या तिथंच शिरत होत्या.

तिनं रेनानला फोन लावला. "तुझ्या घरात राहायला आल्यात रे."

"कोण?"

"लुटारू माश्या. माझे दोन ओंडके गेले."

"भोकात सिमेंट भर ना आई. मी कामावर आहे."

"तू कधी येतोस?"

"बघतो. डिसेंबरात सुट्टी मिळाली तर."

गाउदेंसियो सिमेंट कालवायला बसला, तसं तिनं त्याला थांबवलं. "ही भिंत बुजवशील, पण पुढच्या खेपेला मला सांगणार कोण? ओंडके तुझ्याकडे ने. तुझ्या घरात चार नाकं आहेत."

"अहो, तुम्हाला करमेल का?"

"ने म्हटलं ना!"

संध्याकाळी सातही ओंडके त्यानं गावाच्या दुसऱ्या टोकाला नेले. ती दारापर्यंतही आली नाही.

चार दिवस त्याची बायको निरोप धाडत होती, "माश्या बघायला या." फिदेंसिया रोज म्हणायची, "उद्या."

पाचव्या दिवशी दुपारी ती चालत गेली. थेट ओंडक्यांवरच्या छपराखाली जाऊन बसली आणि एका ओंडक्याला कान लावून डोळे मिटले. आत मंद गुणगुण चालू होती; ती ऐकत राहिली.

गाउदेंसियोच्या बायकोला वाटलं, म्हातारीचा डोळा लागला. तिनं तिला उठवलं नाही.