नानांची सातवी टर्म

खंडीय हँडबॉल महासंघाचे अध्यक्ष नाना बिवलकर सहाव्यांदा बिनविरोध निवडून आले, तेव्हा त्यांची उंची दीड वीत उरली. याचं कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. चौथ्या टर्मला ते खांद्याएवढे होते, पाचव्या टर्मला गुडघ्याएवढे. दोष असलाच तर टेबलाचा होता, आणि टेबलाला कारणे दाखवा नोटीस काढायची तरतूद घटनेत नव्हती.

महासंघाचं मुख्य कार्यालय मिरजेला. कार्यकारिणीचं टेबल शिसवी, जुनं आणि फार मानी. त्याच माणसाला पुन्हा अध्यक्ष केलं की ते वाढायचं. पहिल्या टर्मला ते सहा हात होतं, दुसऱ्या टर्मला मागच्या भिंतीला टेकलं, तिसऱ्या टर्मला भिंत फोडावी लागली. आता ते मागच्या दारातून निघून मैदान ओलांडायचं, उसाच्या दोन शेतांमधून जायचं आणि कृष्णाघाटाच्या थोडं अलीकडे एका बाभळीखाली थांबायचं. अध्यक्षांची खुर्ची तिथे, त्या टोकाला. बाकीची कार्यकारिणी या टोकाला, पंख्याखाली. लांबचा माणूस लहान दिसतो, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. नानांच्या बाबतीत एवढंच झालं होतं, की जवळ गेलं तरी ते तेवढेच राहायचे.

जवळ जायची ती एकटी कुमुद ठोसर. ती महासंघाचं इतिवृत्त लिहायची. तरुणपणी नानांच्या हाताखाली खेळलेली, डाव्या कडेची खेळाडू, उडी मारून चेंडू टाकायची तेव्हा गोलकीपर आधीच डोळे मिटायचे म्हणे. गुडघा गेला आणि नानांनी तिला कार्यालयात आणून बसवलं. त्याला चोवीस वर्षं झाली. नानांसारखा माणूस जगात दुसरा नाही असं तिचं मत होतं, आणि हे मत ती कुणी विचारलं नाही तरी सांगायची.

रोज अकराला ती वही आणि डबा घेऊन निघायची. चालत तास लागायचा. कार्यालयातली सगळी माणसं जुनी खेळाडू, त्यामुळे हातात फाइल असेल तर चेंडूच्या नियमानं कुणी तीन पावलांपेक्षा जास्त चालायचं नाही. तीन पावलं झाली की फाइल शेजाऱ्याकडे फेकायची, शेजारी नसला तर जमिनीवर आपटून पुन्हा झेलायची. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मोडायचीही कुणाची छाती नव्हती. कुमुद अख्ख्या वाटेत दर तीन पावलांनी वही आपटत जायची. डबा मात्र आपटायची नाही, कारण डबा सिंधूकाकूंचा होता.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी सिंधूकाकू, म्हणजे नानांच्या पत्नी, डबा घेऊन स्वतःच कार्यालयात आल्या. डबा नेहमीसारखा चार ताळी होता. नानांना त्यातली भाताची सात शितं पुरायची. उरलेलं कुमुद खायची, आणि अलीकडे तिचं वजन वाढलं ते असं.

"कमी करत जा ना, काकू," कुमुद म्हणाली.

"हात धजत नाही गं. मोजून शितं शिजवायची का मी त्यांच्यासाठी?" काकू खुर्चीवर टेकल्या. "उद्या सातव्यांदा, ना?"

"हो."

"म्हणजे मग ते दिसायचेच नाहीत." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "डॉक्टर म्हणाले, यापुढे नंबर वाढवता येणार नाही. कुमुद, मला त्यांच्या त्या खंडाचं काही माहीत नाही. मला ते घरी हवेत. डोळ्यांना दिसतायत तोवर आण गं त्यांना."

कुमुदनं डबा घेतला आणि ती निघाली. उसातून जाताना ती दोनदा वही आपटायला विसरली, यावरून तिच्या मनाची अवस्था कळेल.

नाना खुर्चीत घटनेच्या तीन खंडांवर बसले होते. खंडभरातल्या सत्तावीस देशांचा कारभार ते तिथून एकटे हाकत, आणि उत्तम हाकत. दोन डोंगराळ देशांचं एकाच निळ्या जर्सीवरून हाडवैर जुंपलं होतं, ते नानांनी सकाळीच मिटवलं होतं; एकानं सोमवार ते बुधवार निळं असायचं, दुसऱ्यानं गुरुवार ते शनिवार, रविवारी दोघांनी पांढरं. असा निर्णय त्यांनी इथून बोलून दाखवला की तो तिकडे पंख्याखाली पोहोचायला पाऊण तास लागायचा. त्या टेबलावरून कुणाचाही आवाज सावकाशच चालायचा. टेबलाच्या त्या टोकाशी बोललेलं कधी हरवायचं नाही, फक्त उशिरा यायचं.

"राजीनामा द्या, नाना," कुमुद डबा उघडता उघडता म्हणाली.

"दिला होता. राजीनामा अध्यक्षांकडे द्यायचा असतो. मी माझ्याकडे दिला, मग मीच मला आग्रह केला, की इतकी वर्षं काढलीत, आता कुठे निघालात. मला नाही म्हणवेना."

"मग उठून चालू लागा."

"दुसरा निवडून आल्याशिवाय उठता येत नाही. शिवाय मी गोलकीपर आहे, कुमे. शिट्टी झाल्याशिवाय गोल सोडायचा नसतो."

त्यांनी एक शीत दोन्ही हातांत धरून खाल्लं.

"काल एक मुंगळा आला होता टेबलावर," ते म्हणाले. "आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो. कोण कुणाला घाबरलंय, ते ठरेचना."

"नाना."

"मला घरी जायचंय गं," नाना म्हणाले. "कुणाला सांगू नकोस. इतिवृत्तातही घेऊ नकोस."

कुमुदला भडभडून आलं. तिनं त्यांच्या कपाळाला लागलेलं वरण करंगळीनं पुसलं, मग त्यांना दोन बोटांवर उचलून बाजूला ठेवलं, आणि ते जिच्यावर बसले होते ती घटना पहिल्या पानापासून वाचायला घेतली. ऊन उतरेपर्यंत ती वाचत होती. मग नानांना पुन्हा जागेवर बसवून ती परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा भरली. सत्तावीस देशांचे प्रतिनिधी मिरजेत येऊन तिसरा दिवस झालेला, म्हणून सगळे मराठी बोलत होते; तिसऱ्या दिवशी ती त्यांना यायची आणि घरी गेल्यावर जायची. सभेच्या या टोकाला अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष मुजावरसाहेब होते. हा माणूस जातिवंत उपाध्यक्ष. अध्यक्ष व्हावं लागेल या धास्तीनं ते नानांच्या तब्येतीची दिवसातून चारदा चौकशी करायचे.

सिंधूकाकू सकाळपासून मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांना खुर्ची दिली तरी त्या बसेनात.

मुजावरसाहेबांनी माणसं मोजली. "सव्वीस. निवडणुकीला पुरे सत्तावीस लागतात. कोण कमी हाय?"

"बेटांवरचे प्रतिनिधी," कुणीतरी म्हणालं. "येताना भिजले. लॉजच्या गच्चीवर वाळत घातलेत."

"वाळतील का दुपारपर्यंत?"

"कडेनं वाळलेत. मध्ये अजून ओल आहे."

"मग राहू द्या. कुमुदताई, तुम्ही बसा की मोजणीत. दरवेळचंच हाय आपलं."

ते खरंच दरवेळचं होतं. दर निवडणुकीला एकतरी माणूस कमी पडायचा आणि दरवेळी इतिवृत्त लिहिणारीला मोजून गणपूर्ती व्हायची. मोजली गेली की तीही सभासद, आणि सभासदानं टाळी वाजवायची. महासंघात मतपेटी कधीच नव्हती. नाव पुकारायचं आणि टाळ्या वाजवायच्या. हातांनी खेळायचा खेळ, हातांनीच निवड. दरवेळी कुमुदनं पेन खाली ठेवून टाळी वाजवली होती. नानांना दीड वितीवर आणण्यात तिच्या तळव्यांचाही वाटा होता, आणि हे तिला काल उसातून परतताना पहिल्यांदा उमगलं होतं. रात्रभर तिला तिच्याच हातांचा राग येत राहिला.

"अध्यक्षपदासाठी त्र्यंबक ऊर्फ नाना बिवलकर," मुजावरसाहेबांनी पुकारलं.

टाळ्या सुरू झाल्या. एका प्रतिनिधीचा हात प्लास्टरमध्ये होता, तो मांडीवर थाप मारत होता. कुमुद लिहीत राहिली.

मुजावरसाहेब वाजवता वाजवता तिच्याकडे झुकले. "ताई, टाळी."

"लिहितेय."

"पेन ठेवा की वो जरा."

"नाही ठेवत."

मुजावरसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी टाळी थांबवली नाही, कारण थांबवणं आता फारच धोक्याचं झालं होतं. उलट ते जोरात वाजवू लागले, आणि त्यांचं बघून बाकीचेही. "तुम्हाला कलम ठाऊक हाय ना?"

"अकरावं," कुमुद म्हणाली, आणि पाठ म्हणून दाखवलं. "जो सभासद टाळी वाजवणार नाही, तो उमेदवार समजला जाईल. एकाहून अधिक उमेदवार असल्यास, ज्याच्या कानी टाळ्या आधी पडतील तो विजयी."

सगळे मागच्या दाराबाहेर बघू लागले. टाळ्या निघाल्या होत्या, मैदानाच्या मध्यापर्यंतही गेल्या नव्हत्या. त्यांना नानांपर्यंत जायला पाऊण तास होता. कुमुदच्या कानाशी त्या केव्हाच येऊन थडकल्या होत्या.

"अगं, पण तुझं काय?" सिंधूकाकू दारातून म्हणाल्या. त्यांना आत्ता कुठे उलगडा झाला होता. "टेबल तर आहे तेवढंच राहणार."

"वाढायचा नियम आहे, काकू. आखडायचा नाही."

"मग तू..."

"मी पहिल्यापासून बुटकीच आहे," कुमुद म्हणाली. काकूंना रडू फुटलं, म्हणून तिनं त्यांना जवळ घेतलं आणि पाठीवरून हात फिरवला. आपल्याला भीती वाटतेय हे तिला त्या मिठीत कळलं. वाटू द्यावी असं तिनं ठरवलं.

नव्या अध्यक्षानं खुर्चीत बसून आभार मानेपर्यंत टाळ्या थांबवायच्या नसतात, तेव्हा मुजावरसाहेबांनी मानेनंच तिला जायची खूण केली. ती निघाली. वही आणि पेन घेऊन, दर तीन पावलांनी वही आपटत. मैदान संपेपर्यंत टेबल तिच्या कंबरेशी होतं. पहिल्या उसात ते खांद्याशी आलं. दुसऱ्या उसात तिला टेबलाची खालची बाजू दिसू लागली, आणि वही इतकी मोठी झाली, की ती आपटण्याऐवजी ओढत न्यावी लागली.

नाना तिला तिथेच भेटले. टाळ्या आणि त्यांच्यामागून बातमी पोहोचल्याबरोबर ते उठून निघाले होते. दोघं समोरासमोर आले तेव्हा दोघांची उंची अगदी सारखी होती, आणि गेल्या कित्येक वर्षांत कुमुदला त्यांच्या डोळ्यांत सरळ बघता आलं नव्हतं, ते आलं. डोळे तसेच होते. थोडे पाणावले होते.

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" नाना रागावून म्हणाले.

"हात मोकळे नव्हते, नाना."

"खोटं बोलू नकोस. मी तुला शिकवलंय."

"जा आता. काकू सकाळपासून दारात उभ्या आहेत."

नाना जागचे हलेनात. "चार वर्षांची टर्म असते," ते म्हणाले. "चार वर्षांनी मी सभेला येईन, आणि टाळी वाजवणार नाही."

"खबरदार, नाना."

"तोवर इतिवृत्त मी लिहीन. डबाही मीच आणीन." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिची वही ओढून घेतली, कशीबशी पाठीवर टाकली आणि उसामधल्या पांदीनं चालू लागले. वळून वळून ते बघत होते. लांब जातील तसे ते मोठे होत गेले, आणि मैदानाशी पोहोचले तेव्हा चांगले पुरुषभर दिसत होते, वही बगलेत मारलेली.

कुमुद बाभळीखाली पोहोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खुर्चीचा पाय तिच्या मिठीत मावेना. तिनं पेन दातांत धरलं, गुडघा दुखत होता तरी लाकडाच्या नक्षीत पाय रोवत रोवत ती वर चढली, घटनेचे तीन खंड चढली, आणि बसली. समोर टेबल पसरलं होतं. त्याच्या टोकाला काही दिसत नव्हतं, पण टाळ्या येत होत्या, न थकता, एकामागून एक. तिनं दम खाल्ला, पदर सारखा केला, आणि आभाराचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात टाळ्यांच्या मधल्या फटीतून, पाऊण तास चालून आलेला एक आवाज टेबलावरून तिच्यापर्यंत पोहोचला.

"आलात? पाणी तापलंय. आधी आंघोळ, मग पान घेते."

कुमुदनं तोंड मिटलं. पेन बाजूला ठेवलं, दोन्ही हात कानांमागे धरले आणि यावर नाना काय म्हणतात ते ऐकायला ती टेबलावर वाकली. तिकडे पंख्याखाली सव्वीस जण अजून टाळ्या वाजवत होते.