गाडीत ठेवलेला आवाज

केशरबाईंनी काच वर घेतली, एसी बंद केला, पदरानं ओठांवरचा घाम टिपला आणि तिसऱ्यांदा हाक मारली.

"अहो."

"पार्डन?" गाडी म्हणाली.

एक मेचं ऊन. काळी गाडी ग्रामपंचायतीसमोर तापत उभी होती. स्टिअरिंगवर महेंद्र, मान सरळ, शर्टाची कॉलर भिजून गडद झालेली. एसीचा पंखा चालू असला की गाडीला ऐकू येत नाही. काच उघडी असली तरी येत नाही. परदेशातून बोटीनं आलेली, अख्ख्या राहाता तालुक्यात अशी दुसरी नाही. पण तिच्याशी बोलायचं तर माणसानं आधी उकडून निघायचं.

"अहो!"

"पार्डन?"

"बहिरी हाय का रं ही?"

"पार्डन?"

महेंद्रचे खांदे हलले. हसला असावा. आरशात मात्र चेहरा साधाच होता.

"पुण्याच्या शोरूमचा मानूस तीनदा येऊन गेला, बाई," तो म्हणाला. "दर वेळी म्हनतो, गाडीत दोष न्हाई, बोलनाऱ्यात हाय."

बाहेर ओट्यावर ग्रामसभेच्या ठरावांचं रजिस्टर उघडं होतं. त्यातली ओळ केशरबाईंना सकाळपासून पाठ होती.

ठराव क्र. ७ : गावास मंजूर झालेली पाण्याची टाकी .................... येथे बांधण्यात यावी.

त्या टिंबांवर काय लिहायचं ते गोरक्षशेठनी सांगून ठेवलं होतं. शेठ म्हणजे केशरबाईंचे मालक. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा त्यांनी बायकोला उभं केलं, निवडून आणलं आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीत स्वतः जाऊन बसले. आज त्यांना नाशकाला जाणं भाग होतं. निघताना म्हणाले, "आपल्या हॉटेलाच्या मागं, एवढंच लिही. डोक्यात दुसरं काही आलं तर आधी मला फोन कर."

डोक्यात दुसरं आलं होतं. मागच्या उन्हाळ्यापासूनच होतं. बौद्ध वस्तीतल्या बाया हायवे ओलांडून पाणी आणायच्या. मागच्या उन्हाळ्यात महेंद्रची आई, गीताबाई, डोक्यावर हंडा असताना टेम्पोच्या धक्क्यानं पडली. तेव्हापासून ती एक पाय ओढत चालते. वस्तीमागचा माळ उंचावर. टाकी तिथं झाली तर वस्तीच्या दारात पाणी येतं आणि उतारानं गावालाही मिळतं. केशरबाईंनी वाक्य तयार ठेवलं होतं. अहो, माळावर लिहू का? एवढंच विचारायचं. त्यांनी हो म्हणायचं.

पण गाडीनं आधी फोन लावायला हवा. पंचायतीचा फोन, हायवेचं खोदकाम सुरू झाल्यापासून मुका. गावात मोबाइल एकच, तो शेठच्या खिशात. गाडीतल्या फोनचे आकडे दाबता आले असते. पण ड्रायव्हरनं परस्पर फोन लावू नयेत म्हणून शेठनी आकड्यांना कुलूप घातलेलं, आणि कुलपाचा नंबर शेठच्या डोक्यात.

राहिला आवाज. आवाजाचं असं झालं होतं —

गाडी नवी. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. चाकाखाली लिंबू. दारात पन्नास-साठ माणसं, उंबऱ्यावर सासूबाई. टाय बांधलेला पुण्याचा माणूस.

मॅडम, सरांचं नाव दोनदा म्हणा. गाडी लक्षात ठेवेल. मग नुसतं नाव घेतलं की फोन लागेल.

नाव?

हो. सरांचं.

वीस वर्षांत नाव घेतलं ते उखाण्यात, तेही मोजकं. पोरी फिदीफिदी. सासूबाई बघताहेत.

बरं मग, ज्या हाकेनं बोलावता ती म्हणा.

केशरबाईंनी मान खाली घातली. स्वयंपाकघराच्या दाराआडून म्हणतात तसं म्हटलं. अहो. पुन्हा एकदा. अहो.

सगळे हसले. शेठही हसले. गाडीनं आवाज ठेवून घेतला.

— असं झालं होतं.

काचेवर टकटक झाली. गीताबाई वाकून आत बघत होती. केशरबाईंनी काच खाली घेतली. गरम हवाही गार वाटली.

"सरपंचबाई, गाडीला इच्यारून झालं का?"

"आई!" महेंद्र म्हणाला.

"तू गप. मी तुज्याशी न्हाई बोलत." गीताबाईनं काचेच्या कडेवर हात ठेवला. "बाया सकाळपास्नं बसल्यात. काय असंल ते सांगा. हॉटेलामागं तर हॉटेलामागं. आमी आमचे हंडे घेऊन उठतो."

"येते मी. पाच मिंटं."

"पाच मिंटं," गीताबाई म्हणाली आणि पाय ओढत सावलीला गेली. चालताना मागं वळून पाहिलं नाही.

काच पुन्हा वर गेली. केशरबाईंनी अहो म्हटलं. चिडून म्हटलं, घाईनं म्हटलं, एकदा तर दात खाऊन म्हटलं. पार्डन. पार्डन. पार्डन.

महेंद्र आरशात न बघता म्हणाला, "बाई, एक सांगू का? राग येईल."

"सांग."

"तुमी आत्ता म्हनताय तसं तिला ठावंच न्हाई. त्या दिवशी म्हनला हुतात ना, मान खाली घालून, बारीक आवाजात. तसंच म्हना. लगेच लागंल."

केशरबाई त्याच्या मानेकडं बघत राहिल्या. फोन लागला नाही तर फायदा त्याच्याच वस्तीचा, हे या पोराला कळत नव्हतं असं नाही. तरी त्यानं सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. पदर डोक्यावर घेतला; का घेतला ते त्यांनाही कळलं नाही. मान आपोआप खाली गेली. घशातून एक बारीक, पुसट हाक आली, परवानगी मागितल्यासारखी.

"अहो."

टुंग.

"कॉलिंग," गाडी म्हणाली. आणि त्यामागून, चारी दारांतल्या स्पीकरांमधून, गाडीनं ठेवून घेतलेला आवाज बाहेर आला.

*अहो.*

केशरबाई दचकल्या. आवाज ओळखीचा होता. पण आपला वाटेना. लग्न होऊन नुकत्याच आलेल्या पोरीचा असावा असा. गुन्हा नाही, तरी आधीच कबूल केल्यासारखा. हा आवाज माळावर लिहू का विचारणार होता. आणि त्याला काय उत्तर मिळणार, हे त्यांना वीस वर्षांपासून माहीत होतं.

नाशकात घंटी वाजायला लागली. एक. दोन.

त्यांनी हात पुढं करून लाल बटण दाबलं. त्याला कुलूप नव्हतं.

"बाई, लागला हुता की!"

"कळलं." पदर डोक्यावरून खांद्यावर आला. दार उघडून त्या उतरल्या.

ओट्यावर ग्रामसेवक नारायण भाऊसाहेब पेन घेऊन तयार होते. "या सरपंचताई. काय म्हणाले शेठ?"

"त्यांना इच्यारलंच न्हाई."

"म्हणजे?"

"पेन द्या."

"मी लिहितो ना, तुम्ही फक्त सांगा. ताई, खाडाखोड चालत नाही हं रजिस्टरला."

"म्हणून तर मी लिहिते."

सातवीपर्यंत शिकलेलं अक्षर. मोठं, एकेक काना वेगळा काढलेलं. टिंबांच्या जागेत मावेना, तर शेवटचे दोन शब्द ओळीच्या वर चढले.

ठराव क्र. ७ : गावास मंजूर झालेली पाण्याची टाकी बौद्ध वस्तीमागच्या माळावर, उंच जागी येथे बांधण्यात यावी.

भाऊसाहेबांनी ते मोठ्यानं वाचलं, मधे एकदा घसा साफ करून. मग वस्तीचे हात वर गेले. गावातल्या बायांचे बिचकत, पण गेले. पुरुषांतले काही गेले. शेठची दोन माणसं चपलांकडं बघत राहिली. भाऊसाहेबांनी हात दोनदा मोजले आणि केशरबाईंनी सही केली.

त्या परत आल्या तेव्हा महेंद्र गाडीबाहेर उभा होता.

"शेठचा फोन येत हुता, बाई. चार येळा. मी हॅलो हॅलो म्हनलं. तर गाडी मलाच म्हनती, पार्डन."

केशरबाई हसल्या. मागचं दार उघडून त्यांनी धरलं होतं, पण बसल्या नाहीत. पुढं येऊन महेंद्रच्या शेजारच्या सीटवर बसल्या. माणसं बघत होती.

"ती ठेवलेली हाक पुसता येती का?"

"येती. दुसरी ठेवायची?"

"ठेव."

महेंद्रनं बटण दाबून धरलं. "काच वर घिऊ? न्हाई तर ऐकायची न्हाई."

"राहू दे उघडी. ऐकू जाईल असंच म्हणते."

"नेम प्लीज," गाडी म्हणाली.

गाडीभोवती बाया जमल्या होत्या. गीताबाई सगळ्यांत पुढं, कमरेवर हात. केशरबाईंनी समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडं पाहिलं.

"गोरक्ष."

कुणीतरी तोंडावर हात नेला. ओट्यावर भाऊसाहेबांचं रजिस्टर मिटायचं राहून गेलं.

"अगेन प्लीज."

"गोरक्ष."

टुंग. पार्डन म्हणाली नाही.

महेंद्रनं पहिल्यांदाच मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. "लावू का आता? शेठ वाट बघत असतील."

"आता कशाला?" केशरबाई म्हणाल्या. "संध्याकाळी घरी येतीलच की. तू एसी लाव."