पळायचं बटण

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण व्हिडिओ गेममधल्या त्या बुटक्याला मी एकही उडी न मारता खड्ड्यांवरून पळवलंय!"

शहाण्णव साल, संक्रांतीच्या आधीचे दिवस. आमच्या राजाजीनगरच्या घरी, के. आर. पुरमहून आलेल्या माझ्या साडूला, उमाजीला, मी हे ऐकवत होतो. आत माझी सून स्मृती अवरेकाईच्या शेंगा सोलत होती. तिलाही जाईल एवढा आवाज मी लावला होता. आठवडाभर ती गप्प होती. मला तिच्याकडं बघवत नव्हतं, म्हणून गोष्टच रंगवायला घेतली.

"जयसिंगअण्णा, खड्ड्यावरून पळाला तर पडेल की!"

"पळायचं बटण दाबून धरलं की लहान खड्डा पायाला कळतच नाही. शोध माझा! आमची सूनबाई तसली नव्हे. पोरं शाळेत गेली की खेळायला बसते. थांबते, बघते, मग एक उडी. पण त्या दिवशी पहिल्यांदाच शेवटच्या किल्ल्यात पोचली. एकच जीव उरलेला. पोरांना सांगून ठेवलेलं, आज घरी आलात की शेवट दाखवते. आणि चारला करंट जायची वेळ. गेला की सगळं पहिल्यापासून."

"अय्यो, मग?"

"म्हणाली, मामंजी, हळू गेले तर करंट जाईल, पळाले तर पडेन. मी म्हटलं, आण इकडं. ती नको म्हणाली."

"आणि तुम्ही?"

"घेतला रिमोट."

आत शेंगा सोलायचा आवाज थांबला. मी घाईनं पुढं रेटलं.

"सूनबाईनं डोळ्यांवर पदर ओढला. मी पळवला बुटका! खड्ड्यामागून खड्डे, समोर दार दिसायला लागलं. त्याचा पाय हवेत, आणि गेला की करंट! टीव्ही काळा. पण शप्पथ सांगतो उमाजी, त्या काळ्या काचेवर बुटका तसाच लटकत होता, माझ्याकडं बघत!"

उमाजी खो खो हसला. मला हसू फुटेना.

"पोरं आली, शेवट मागायला लागली. तर ही त्यांना म्हणते, मीच फार हळू खेळले रे."

"अय्यो, बिचारी."

"पोरं यायच्या आधी मागं धुण्याच्या दगडाशी जाऊन रडली म्हणे. मला कळलं असतं तर मी बसून राहिलो असतो का? पण टीव्ही बंद झाला तेव्हा तुझी मेहुणी सकवार मिक्सरवर चटणी वाटत होती. त्या घरघरीत काय ऐकू येणार?"

स्मृती दारात येऊन उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्यापुढं आवाज चढवला नव्हता.

"करंट गेला होता तर मिक्सर कसा चालू होता, मामंजी? तुम्हीच पडलात खड्ड्यात! आणि टीव्हीची वायरही तुम्हीच ओढलीत!"