धारोष्ण

सुंदरबाईने भिंतीवरून दिलेली कढीची वाटी प्रमिलाबाईने दोन्ही हातांनी घेतली, गोड हसली, आणि जाऊ आत वळताच मागच्या उकिरड्यावर नेऊन पालथी केली. कोंबड्या धावल्या. त्यातली एखादी लोळते का, हे पाहत ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. एकही लोळली नाही. पण तेवढ्याने प्रमिलाबाईचा संशय फिटणार नव्हता.

पिंपळनेरजवळच्या त्या गावात जीवराम आणि धाकटा छगन या दोघा भावांची घरं एका भिंतीला होती. एकोणनव्वद सालच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सुंदरबाईने खापरावरचे मांडे पाठवले, प्रमिलाबाईच्या नवऱ्याने, जीवरामने, ते मिटक्या मारत खाल्ले, आणि पुढच्याच आठवड्यात तो तापाने फणफणला. तेव्हापासून ताप संध्याकाळी यायचा, घामाने गोधडी भिजवायचा आणि सकाळी पसार व्हायचा. गावच्या डॉक्टरने हिवतापाचं औषध दिलं, मग टायफॉइडचं. गोळ्या चालू असेतो बरं वाटे, संपल्या की पुन्हा तेच. औषधाला दाद देत नाही म्हणजे कुणीतरी पोटात काहीतरी घातलंय, हे प्रमिलाबाईने पक्कं करून टाकलं, आणि पाणवठ्यावर बोलूनही टाकलं. आखाजीच्या आधी गाभण म्हशीने गाभ टाकला होता. मेलेलं पारडू जीवरामने स्वतः हात घालून ओढून काढलं होतं. तेही तिने जावेच्याच नजरेवर ढकललं.

मग तिने पहारा बसवला. परक्या घरचं पाणीसुद्धा बंद. भिंतीपलीकडे जाणारं दूधही बंद. गाभ गेला तरी म्हैस थोडंफार दूध देत होती. नवऱ्याच्या अंगात बळ यावं म्हणून ती रोज पहाटे धार काढी आणि फेस विरायच्या आत तांब्या त्याच्या तोंडाला लावी. कासेतून थेट ओठांत, मध्ये कुणाचा हात नाही. उरलेलं स्वतः पिई.

पावसाळा सरता सरता जीवरामला कंबर धरून उठावं लागू लागलं, तेव्हा तिने त्याला धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिलाही कंबर धरून बसताना पाहिलं आणि दोघांचंही रक्त घेतलं. रक्ताचा अहवाल आला त्या दिवशी त्यांनी आधी चौकशी केली ती म्हशीची.

"तिनं गाभ टाकला होता?"

"हा. पन ते तं नजर लागेल व्हती."

"दूध उकळून पिता?"

"नही, धारोष्ण. मी सोता काढस. कोनले हात लावू देत नही." हे सांगताना तिचा आवाज जरा चढला.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या म्हशीकडूनच आलाय हा ताप, दुधातून. मेलेलं पारडू हातानं ओढलं असेल, तर यांना आधी तिथूनच. आपल्या रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. जंतू दिसला की त्या गिळून टाकतात. हा जंतू गिळला जातो, पण मरत नाही. त्या राखणदाराच्याच पोटात बसतो, तिथंच वाढतो. औषध थांबलं की बाहेर येतो. म्हणून दीड महिना एकही गोळी चुकायला नको. तुमचीसुद्धा. तुमचंही रक्त तेच सांगतंय."

संध्याकाळचा घाम प्रमिलाबाईलाही येत होता. जावेची करणी आपल्यापर्यंत पोचली, असं समजून तिने तो पदराने पुसून टाकला होता.

"दीराच्या घरी कुणी आजारी?"

"नही. त्यास्ले दूध मीच बंद करेल शे."

"बरं केलंत," डॉक्टर म्हणाले.

कुठलंही कौतुक तिला जन्मात एवढं झोंबलं नव्हतं.

"ताप उतरला की माणूस गोळ्या सोडतो. तुम्ही दोघंही आजारी. रोज समोर बसवून गोळी देणारं घरात कुणी आहे?"

लेक लांब सुरतेला दिलेली. जीवरामच शेवटी हळूच म्हणाला, "छगननी बायको शे."

संध्याकाळी ती सुंदरबाईच्या दारात उभी राहिली. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिने एका दमात सांगितलं, म्हशीचं आणि दुधाचंही, आणि गोळ्यांचा पुडा पुढे धरला.

"आमले दोन्हीस्ले तू देजो."

सुंदरबाईने हात पदराखालून काढले नाहीत.

"अक्का, उद्या काही व्हयनं तं? मांडासनी गोष्ट मी आयकी. बठ्ठा गावनी आयकी."

प्रमिलाबाईने पुड्यातली एक गोळी काढून तळहातावर घेतली.

"पानी दे."

सुंदरबाई आत गेली आणि माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली. तो पुढे करण्याआधी, थोरल्या जावेकडे पाहत, तिने वरून दोन घोट आपल्या तोंडात ओतले आणि सावकाश गिळले. मग तांब्या पुढे केला.

प्रमिलाबाईला तो लवकर हातात धरवेना.