काकांचा हातगुण

काकांच्या हाताला यश आहे, असं प्रयोगशाळेत सगळेच म्हणत, आणि गेले दोन महिने हेच वाक्य काकांचा जीव खात होतं.

काका म्हणजे तिथले मदतनीस. काचसामान धुण्यात आणि प्रयोग मांडण्यात त्यांची तीस वर्षं गेली. खारूताई म्हणजे पीएचडी करणारी मुलगी. एका जागी बसणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून हे नाव काकांनीच ठेवलेलं. विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, हे तिचं काम. त्याला प्लॅटिनम उत्तम, पण ते परवडणार कोणाला? म्हणून हिनं निकेलच्या पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक काटे उगवले होते. हे स्वस्तातलं निकेल प्लॅटिनमच्या तोडीचं निघावं, एवढंच तिचं मागणं होतं. तीन वर्षं झाली, निकाल बेताचाच येत होता.

मग तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. जाताना ती म्हणाली, "काका, एक चाचणी तेवढी लावून ठेवा. परवा येतेच मी."

आम्लाच्या भांड्यात एका बाजूला तिची पट्टी, समोर कार्बनची कांडी, आणि वीस तास वीज. काकांना हे झोपेतही जमलं असतं. पण कांडी धुताना हातातून निसटली आणि तिचे दोन तुकडे झाले. आठवड्यापूर्वीच एक मोडली होती, तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख सर चारचौघांत म्हणाले होते, "काका, हाताला लोणी लावून येता का?" पुन्हा कोण ऐकून घेणार? काकांनी गुपचूप खणातली प्लॅटिनमची तार काढली आणि कांडीच्या जागी लावली. महागाची वस्तू लावली तर बिघडणार काय, असा त्यांचा हिशोब. चाचणी संपल्यावर तार पुसून जागेवर ठेवली, वापरलेली पट्टी नेहमीसारखी टाकून दिली आणि नवी कांडी मागवून घेतली.

खारूताई परत आली, तिनं संगणकावरचा आलेख पाहिला आणि खाली बसली. तासागणिक निकाल सुधारत गेला होता. "काका, तुमचा हातगुण!" म्हणत तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. काकाही फुशारले. खोटं कशाला बोला, त्या दिवशी ते छाती काढून घरी गेले.

तो निकाल पुन्हा काही आला नाही. नवी पट्टी, नवं आम्ल, सगळं करून झालं. दर सोमवारी ती काकांनाच मांडणी करायला लावायची, आणि काका इमानेइतबारे कार्बनची कांडी लावायचे.

मग एक दिवस सर नव्या मुलांना सांगताना त्यांनी ऐकलं, "समोर प्लॅटिनम लावू नका. ते थोडं थोडं विरघळतं आणि तुमच्या पट्टीवर जाऊन बसतं. काम करतं प्लॅटिनम, नाव होतं निकेलचं." काका तेव्हा बीकर धूत होते. तो एकच बीकर ते कितीतरी वेळ धूत राहिले.

त्याच दिवशी बोलायला हवं होतं. उद्या सांगू, असं म्हणता म्हणता दोन महिने गेले. खारूताईचं पळणं थांबलं. ती प्रत्येक गोष्ट तीनदा मोजायची आणि तरी स्वतःलाच बोल लावायची. काका तिला न मागता चहा आणून द्यायचे. तेवढंच करायची त्यांची हिंमत होती.

आणि या सोमवारी तिनं मांडणी करायला सांगितलंच नाही. एक कागद पुढे केला. "काका, हा सरांच्या टेबलावर ठेवाल?"

दारापाशी काकांनी तो वाचला. काम सोडण्याचा अर्ज होता. कारणापुढे लिहिलं होतं: माझ्या हातून अचूक काम होत नाही.

 ते तसेच मागे फिरले आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"तुझा हात सोन्याचा आहे, पोरी. चोर हात माझा आहे," ते म्हणाले, आणि कांडीपासून तारेपर्यंत सगळं सांगून टाकलं. आधी तेवढ्यावरच थांबले. मग सरांचं बोलणं कधी ऐकलं, तेही सांगितलं.

तिनं संगणकावर तो जुना आलेख उघडला. "म्हणजे निकेल साधंच आहे."

"हो."

"आणि दोन महिने तुम्हाला माहीत होतं. रोज चहा देताना विचारायचात, जमलं का गं?"

काकांना मान वर करवेना. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हिचा आवाज साधा होता, आणि तोच सोसवत नव्हता.

तिनं अर्ज घेतला. फाडला नाही, खणात ठेवला. मग दोन भांडी टेबलावर मांडली. "एकात तार, एकात कांडी. आधी आपण खात्री करू. सरांना मात्र तुम्ही सांगायचं."

"सांगतो."

तिनं कार्बनची कांडी त्यांच्या तळहातावर ठेवली. "आणि काका, मोडली तर मला सांगा. मी ओरडणार नाही."

पेन्सिलीएवढी ती कांडी. काकांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि भांड्यात उतरवली.