थेट दाराशी

आमच्या ह्यांना काही नवीन शिकवू नये. शिकले की गावभर करतात.

पत्त्याचं ते ॲप श्रियाने, आमच्या लेकीने, त्यांना शिकवलं. नकाशावर आपल्या दारावर बोट दाबलं की छोटासा कोड येतो. तो पाठवला की समोरचा थेट दाराशी. घोडबंदर रोडच्या तिच्या सोसायटीत सगळे टॉवर एकसारखे, पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्ही भलत्याच दाराची बेल वाजवली होती. म्हणून तिने आपला कोड दिला आणि बजावलं, "फक्त तुम्हा दोघांसाठी हां, बाबा."

कारण गुरुदत्त, आमचा जावई, तिला मारायचा. एका बॅगेनिशी ती निघून आली होती आणि तो तिला शोधत होता. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभा राहायचा मेला. तरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो होताच. काढा त्याला, असं मी किती वेळा म्हटलं. हे म्हणायचे, "जावयाला असं काढतात का? चार लोक विचारतील. झाकली मूठ सव्वा लाखाची."

रविवारी माझ्या नणंदेने, विनिताने, ग्रुपवरच विचारलं, "दादा, मितेशच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला श्रियाच्या नव्या घरी जायचंय. पत्ता?" माझे हात कणकेत. ह्यांनी हौसेने कोड आणि फ्लॅट नंबर टाकला, खाली लिहिलं, "थेट दाराशी पोचाल." आणि मला दाखवायला आले.

मी किंचाळलेच. त्यांनी मेसेज काढून टाकला, पण त्यावर गुरुदत्तचा अंगठा आधीच उमटला होता.

श्रियाला फोन केला. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. "बाबांनी टाकला?" एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

रिक्षा करून निघालो, तर शीळफाट्याला ट्रॅफिक. मी ह्यांना वाट्टेल ते बोलले. पोचलो तर दाराला कुलूप. वॉचमन म्हणाला, "मॅडम बॅग घेऊन गेल्या. नंतर एक साहेब आले. विंग नाही विचारली, काही नाही, सरळ वर गेले. बराच वेळ दार ठोकत होते."

तेवढ्यात श्रियाचा फोन आला.

"आई, मी ठीक आहे. पोलिसांना कळवलंय. मैत्रिणीकडे आहे."

"कुठे गं?"

"ते नको विचारूस."

ह्यांनी फोन ओढूनच घेतला. "कोड पाठव बेटा, आम्ही लगेच येतो."

ती म्हणाली, "नाही बाबा. आता तुम्हालाही नाही."

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. मला अजून खूप बोलायचं होतं त्यांना, पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना. बंद दारासमोर आम्ही दोघं उभे होतो, अगदी बरोबर पत्त्यावर.